नकाशातले नऊ फूट

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २०२४

चि. सम्मेद यास,
जय जिनेंद्र व अ. उ. आशीर्वाद.

तुझा नकाशा परवा पोचला. फोनबी केलतास म्हणं, पण कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतंय. म्हणून लिहिते.

दुकान बंद करून वेंगुर्ल्याला कायमची राहायला ये म्हणतोस. चाळीस वर्षं पेठेतल्या बायकांची ब्लाउजं शिवली, आता गुडघं ऐकत न्हाईत. मलाबी यावंसं वाटतंय. पण भाऊ झाला म्हणून काय झालं, घर बघितल्याबिगर कोण जातंय? म्हणून नकाशा मागितला. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढं पडवी, खिडक्यांना वाऱ्यासाठी लाकडी पट्ट्या, समदं झ्याक हाय. हितं समद्यांनी स्लॅब टाकल्यात आणि दुपारभर घामाघूम होऊन बसत्यात.

पण मी कापड मोजणारी बाई. तुझा नकाशाबी मोजला. बाहेरनं घराची लांबी चाळीस फूट लिहिलीयास. पडवी सहा, बैठकीची खोली बारा, स्वयंपाकघर दहा, भिंतींचं मिळून तीन. एकतीस झालं. नऊ फूट गेलं कुठं? नकाशावर तिथं कोरा कागद हाय आणि त्या कोऱ्या कागदातनं सांडपाण्याचा पाईप बाहेर पडतोय. तिथं कोण मासं रांधणार असंल तर आत्ताच सांग. जन्मात कांदा खाल्ला न्हाय मी.

आणखी एक. माझी लेक आदिती त्याच गावात राहती ते मला ठाऊक हाय. सहा वर्षांमागं मला न विचारता ट्रॉलरवरच्या माणसाशी लगीन करून गेली, तवापासनं मी तिचं नाव घेतलेलं न्हाय. तू मामा हायस, तुला पुळका असंल. माझ्यासमोर तिचा विषय काढायचा न्हाय, ही अट मान्य असंल तरच येते.

नऊ फुटांचा हिशोब येईपर्यंत लोभ जपून वापरावा.
तुझी,
अक्काताई

वेंगुर्ले
२० फेब्रुवारी २०२४

ती. आक्कास,
सम्मेदचा सा. न. वि. वि.

तू पाटबंधारे खात्यात माझ्या जागी असतीस तर एकाही ठेकेदाराला झोप लागली नसती. अगं, ते नऊ फूट अडगळीचे आहेत. इथं पावसाळ्याच्या आधी लाकडं, नारळ, झावळ्या भरून ठेवाव्या लागतात. तुझ्यासाठी नकाशा हातानं उतरवताना तेवढं काढायचं राहिलं. मासे शिजणार नाहीत, शब्द देतो. तुझी अटही लक्षात आहे.

एक काम होतं. चार गाऊन शिवून पाठव. सुती, सैल, पुढून बटणांचे. शेजारच्या बाईंना हवेत. इथल्या दमट हवेत बाजारातले तयार कपडे अंगाला चिकटतात, पाठीवर घामोळं उठतं. माप असं: गाऊनची उंची चार फूट चार इंच, छाती तीन फूट, खांदा एक फूट दोन इंच, उजवा खांदा अर्धा इंच खाली. कंबर मोजलेली नाही, सैलच ठेव.

गुडघ्यांना तेल लाव. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझा,
सम्मेद

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२७ फेब्रुवारी २०२४

चि. सम्मेद यास,
अ. आ. (आज थोडेच.)

छाती तीन फूट! अरे, बाई हाय का दरवाजा? जन्मभर पाटबंधाऱ्याचं कालवं मोजलास, आता बायका मोजाय लागलास व्हय? पोलादी टेप घेऊन शेजारणीच्या खांद्यापर्यंत गेलास आणि तिनं गप उभं राहून माप दिलं, हे मी खरं मानायचं? आणि खांद्याचा अर्धा इंच तुला दिसला, कंबर तेवढी दिसली न्हाय! चाळीस वर्षांत बिनकमरेचं माप माझ्याकडं पयल्यांदा आलं.

अडगळीचंबी सांग. लाकडं न्हात्यात का तुझी, तिथं पाईप सोडून मोरी ठेवाय?

मी खुळी न्हाय. तुझी बायको जाऊन तीन वर्षं झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी लगीन करणं काय गुन्हा न्हाय, लोक चार दिवस बोलत्यात आणि गप बसत्यात. पण सख्ख्या भणीपास्नं लपवणं मला सोसत न्हाय. नव्या नवरानवरीच्या घरात मी तिसरी म्हणून यायची न्हाय. हितं पेठेत एकटी मेले तरी चालंल, पण कुणाच्या डोळ्यात सलणार न्हाय. त्या बाईचं नाव कळव, मग कापडाला कात्री लावते.

माया हाय, विश्वास न्हाय.
तुझी,
अक्काताई

वेंगुर्ले
६ मार्च २०२४

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

लग्न नाही. घरातल्या पार्श्वनाथांसमोर बसून लिहितोय, लग्न नाही. मोरी भांड्यांसाठी आहे. नाव आत्ता विचारू नकोस, एवढं माझं ऐक. गाऊन मात्र लवकर कर, ऊन फार वाढलंय आणि त्यांना त्रास होतोय.

तू ये. तुझ्याशिवाय हे घर माझ्या एकट्याच्यानं उभं राहणार नाही.
तुझा,
सम्मेद

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१५ मार्च २०२४

सम्मेद,

आशीर्वाद मागाहून.

त्रास होतोय म्हणालास म्हणून काल कापड काढलं. मऊ, बारीक निळ्या ठिपक्यांचं. दोनदा धुवून घेतलेलं, म्हणजे आटायचं न्हाय. टेबलावर पसरलं, खडूनं डावा खांदा आखला, उजवा अर्धा इंच खाली घेतला आणि हात तिथंच थांबला.

हा खांदा माझा हाय रे. तिसरीत असताना पोरगी तालमीच्या भिंतीवरनं पडली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं, ते वाकडंच जुळलं. तवापासनं शाळेचा गणवेश, परकर-पोलकं, कॉलेजातलं पंजाबी ड्रेस, दर कपड्याला मी तेवढा अर्धा इंच खाली घेत आले. कुणाला दिसू नये म्हणून. कागदावर वाचून कळलं न्हाय, हाताला कळलं.

मग पुढचं समदं आपोआप कळलं. कंबर का न्हाय लिहिलीस ते कळलं. बटणं पुढून कशाला ते कळलं. ती मोरी न्हाय, बाळ-बाळंतिणीची न्हाणी हाय. तू बाळंतिणीची खोली बांधलीस आणि मला नकाशा उतरवून देताना तीच गाळलीस. मला गोड बोलून न्यायचं आणि तिच्या पुढ्यात उभं करायचं, असाच बेत होता न्हवं? शेजारची बाई म्हणं! पाटबंधारे खात्यात हेच शिकलास का?

मी येत न्हाय. कापड घडी घालून कपाटात ठेवलंय. धर्माच्या नेमानं रात्रीचं पाणी सोडलेलं असतंय, न्हायतर घोट तरी घेतला असता, एवढी रडले. तिला कितवा महिना हाय ते मला कळवायचं न्हाय. मला ऐकायचं न्हाय. कितवा हाय?

अक्काताई

वेंगुर्ले
२२ मार्च २०२४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आठवा संपत आला.

मी तुला फसवलं, हे कबूल. पायताण घेऊन आलीस तरी चालेल, पण ये. आदितीला सासू नाही. नवरा भला माणूस आहे, पण एकदा ट्रॉलर गेला की दहा-दहा दिवस समुद्रावर. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे तिलाही ठाऊक आहे. माहेरी येण्याची सोय नाही म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला पिशवी घेऊन मामाच्या दारात आली. मी काही विचारलं नाही. मागच्या अंगाला खोली आधीच बांधून ठेवली होती.

तुझी अट मी तिला सांगितली होती. गाऊनची कल्पना माझी. निदान तुझ्या हातचं तिच्या अंगावर पडावं, एवढंच मनात होतं. खांद्याचं मी लिहिणारच नव्हतो. म्हटलं, आक्का ओळखेल. तर आदिती म्हणाली, मामा, तेवढं लिहाच. आणि उठून आत गेली.

तुझं पत्र मी तिला दाखवलेलं नाही. काय सांगू ते तू सांग.
तुझा अपराधी,
सम्मेद

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२९ मार्च २०२४

चि. सौ. आदितीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

सौ. लिहायला मला सहा वर्षं लागली. दोन कागद फाडलं, हा तिसरा.

मी साऱ्या जगावर संशय घेते, हे तुला ठाऊक हाय. मामावर घेतला, पाईपावर घेतला, नसलेल्या शेजारणीवर घेतला. खरा संशय येगळाच होता. मी दारात आले आणि तू तोंड फिरवलंस तर? दोन वर्षांमागं मी वेंगुर्ल्याच्या स्टँडवर उतरलेते. एका बाईला तुझं घर विचारलं, तिनं बोट दाखवलं, आणि मी त्याच गाडीनं माघारी आले. मामालाबी सांगितलेलं न्हाय, तूबी सांगू नकोस. तुझी चूक मी मोठ्यानं बोलत राहिले, म्हणजे माझी कुणाला ऐकू येऊ नये.

सात तारखेला, रविवारी, सकाळच्या एसटीनं निघते. दिवस मावळायच्या आत पोचीन, मला जेवायचं असतंय. गाऊन चार न्हाय, सहा झाल्यात. मामाला सांग, त्या न्हाणीचा उतार मी बघितल्याबिगर तिथं बादलीभर पाणी ओतायचं न्हाय. नकाशा गाळणाऱ्या माणसाचा मला भरवसा न्हाय.

मामानं माझ्यापायी घरात मासं बंद केलेलं दिसतंय. तुला खावंसं वाटत असंल तर खा. जावईबापू दर्यावरनं आणतील ते मागच्या अंगणात शिजवा. मी पडवीत बसीन, वास गेला की आत येईन. तेवढं जमंल मला.

लोभ असावा असं लिहायचा मला हक्क उरलेला न्हाय. तरी असू दे.

आणि हे बघ, कडी वाजली की मामाला धाडू नकोस. तुला उठाय वेळ लागंल, लागू दे. मी उभी राहीन. दार तूच उघड.

तुझी,
आई