डोहातली जेट बोट

आई, गढूळ पाणी तुरटीनं निवळतं, पण पाण्यावर पेट्रोल तरंगत असेल तर ते कशानं निवळायचं? काल टँकरच्या रांगेत शेजारच्या मावशींनी घागर माझ्या नाकाशी धरून हे विचारलं. "बीएस्सी झालीस की गं, सांग." 

तू गेलीस तेव्हा तळं भरलेलं होतं. सोसायटीच्या मासळीची टोपली घेऊन तू युसूफ वडगावच्या बाजाराला जायचीस, त्यावर माझं कॉलेज झालं. आता धरणाच्या भिंतीजवळ एक डोह तेवढा उरला आहे. मासे संपले, टँकर त्याच डोहातून भरतात. मी त्या मच्छीमार सोसायटीची सचिव झाले, कारण सोसायटी सभासदांची असते असं पुस्तकात होतं आणि मला ते खरं वाटलं होतं. या उन्हाळ्यात चेअरमननी पर्यटनासाठी म्हणून जेट बोट आणली. हिला बाहेर पंखा नसतो. बुडाखालून पाणी ओढून मागं जोरात फेकते, म्हणून उथळ पाण्यातही पळते. "दुष्काळात बी चालती!" चेअरमन असं सांगत फिरायचे, जसं काही दुष्काळावर औषध सापडलंय.

पण ती चालत नव्हती. सुरू व्हायची, काळा धूर ओकायची, बंद पडायची. "कावून बंद पडती बे?" चेअरमन मिस्त्रीवर खेकसले. "कार्बोरेटर चोंदतोय साहेब. पिन मारलीय की." मग ते माझ्याकडं वळले, "ताई, ते इंग्रजी पुस्तक तुमीच वाचा. रविवारी पाव्हणे येणार हायेत." मी वाचलं. प्लग काढला तर पेट्रोलनं ओला आणि काजळीनं काळा. म्हणजे पेट्रोल कमी नव्हतं, जास्त येत होतं. कार्बोरेटर उघडला. आत पेट्रोल मापात सोडणारा पितळेचा एक तुकडा असतो, अगदी बारीक भोकाचा. मिस्त्रीनं स्टोव्हची पिन घालून घालून ते भोक वाढवून ठेवलं होतं. ते बघताना मी पुन्हा लहान होऊन आपल्या स्वयंपाकघरात बसले आहे, स्टोव्हच्या तोंडात पिन गरागरा फिरवते आहे, आणि तू हातावर चापट मारतेस, "घाण काढायची हाय गं, भोक वाढवायचं न्हाई!"

त्याहून वाईट खाली होतं. कार्बोरेटरची वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी एक सुई असते, ती झिजली होती. पेट्रोल वाहून बोटीच्या तळाशी साचत होतं आणि मिस्त्री ते डब्यानं उपसून डोहात ओतत होता, टँकरच्या पाइपापासून हाकेच्या अंतरावर. मी चेअरमनना म्हटलं, नवे भाग येईपर्यंत बोट बाहेर काढा. ते हसले. "थेंबभर पेट्रोलनं काय मासे मरत्यात? अन् मासे हायेतच कुठं?" संचालकही हसले. "हे पाणी माणसं पितात," मी म्हटलं. "मग बोअरचं प्या की. आमी तेच पितो." त्यांच्या बंगल्याचा बोअर अजून आटलेला नाही. रविवारी मिस्त्रीनं बोट तशीच दामटली. पाहुण्यांच्या फेऱ्या होईपर्यंत टँकर अडवून ठेवले होते, आणि काठावर आपलीच माणसं टाळ्या वाजवत होती. चेअरमनची किळस मला आधीच आली होती. त्या टाळ्यांची जास्त आली. तासभर मी तिथं उभी होते, तोंडात पेट्रोलची चव घेऊन.

आज सकाळी मावशींना आणि रांगेतल्या बायकांना घेऊन तळ्यावर गेले. पेट्रोलची नळी बंद केली आणि बोटीला जाळी ओढायचे जुने दोर बांधले. "ओढा गं, लई मोठा मासा गावलाय!" मावशी ओरडल्या, आणि चिखलात घसरत, हसत, शिव्या देत बायकांनी बोट कोरड्या जमिनीवर आणली.

तू असतीस तर "मोठ्यांच्या वाटंला जाऊ नको" म्हणाली असतीस, आणि मी ऐकलं असतं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते: आज परवानगी विचारायला तू नव्हतीस, हे मला बरं वाटलं. दुपारी चेअरमनचा माणूस माझा राजीनामा न्यायला आला होता. देणार नाही, असं सांगून मी त्याला परत पाठवलं.