चॉकलेटची चांदी

३ फेब्रुवारी, मंगळवार
कोऱ्या पाना, क्षमा असावी. ज्यांच्या आयुष्यात काही घडते त्यांनीच रोजनिशी लिहावी, असे माझे प्रामाणिक मत आहे. माझ्या आयुष्यात कचऱ्याची वर्गवारी घडते. तरीही हे धाडस करते, कारण हे कुणाजवळ बोलता येत नाही.

काच, डबे, कागद, उरलेले — घरातले हे खाते माझ्याकडे. आईच्या मते शाळेत पहिल्या आलेल्या मुलीला एवढे जमायलाच हवे! आणि आज कचरा संकलन केंद्रावरून आमची कागदाची पिशवी दुसऱ्यांदा परत आली. बांधलेल्या वर्तमानपत्रांच्या घडीत चॉकलेटची चांदी! केंद्रावरचे चष्मेवाले काका अशा पिशव्यांचे फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकतात, घरक्रमांकासह. खाली लिहिले होते, पुन्हा आढळल्यास या घरची पिशवी वर्षभर घेणार नाही. शेजारच्या काकूंनी हसरा चेहरा टाकला. गॅलरीत उभे राहण्याची सोय उरली नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
ती चांदी माझी नाही. आईचीही नाही — डॉक्टरांनी बाबांचे गोड बंद केले त्याच दिवशी ती म्हणाली होती, "तुम्ही नाही, तर मीही नाही." उरले बाबा. त्यांना काही झाले तर?

६ फेब्रुवारी, शुक्रवार
बोलायचे ठरवले. "बाबा," म्हटले. "काय गं?" म्हणाले. मी विचारले, कात्री कुठे आहे. कात्री माझ्याच हातात होती.

१० फेब्रुवारी, मंगळवार
बाबांचा रक्ताचा अहवाल आला. साखर उत्तम! आई अशी मिरवते आहे, जणू परीक्षा तिनेच दिली होती. मला हायसे वाटले — आणि मग डोके चालेनासे झाले. चांदी मग कुणाची?

१४ फेब्रुवारी, शनिवार
तिसऱ्यांदा! काकांनी शेवटची संधी दिली: उद्या संध्याकाळपर्यंत ग्रुपवर खुलासा करा, नाहीतर पिशवी बंद. फोटो पाहून आईचे कान लाल झाले. रागानेच असणार. बाबा म्हणाले, मी लिहितो काहीतरी. आईने त्यांना साफ अडवले. लोक म्हणतील, तुम्हीच चोरून खाता. मग भांड्यांचा आवाज बराच वेळ चालू होता.

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
खुंटीवरच्या आईच्या स्वेटरच्या खिशातून बाबा चांदी काढत होते. मला पाहून दचकले.

"माझी नाही गं. तुझ्या आईची."

"पण आईने तर सोडलंय ना?"

"माझ्यासाठी सोडलंय म्हणते. म्हणू दे. तिला तेवढंच समाधान."

बाबांनी ती उरलेल्याच्या डब्यात टाकली असती तर माझ्या नजरेस पडली असती, आणि मी आईला विचारल्यावाचून राहिले नसते. बांधलेल्या घड्या मात्र मी सोडत नाही. म्हणून तिथे! मी विचारले, आईला हे ठाऊक आहे का.

"तिला वाटत असेल, चांदी आपोआप नाहीशी होते," बाबा म्हणाले, आणि आम्ही दोघे तोंडावर हात ठेवून हसलो.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
ग्रुपवर लिहिले — 'आमच्या पिशवीतील चांदी माझी आहे. मनापासून क्षमस्व. यापुढे ती उरलेल्याच्या डब्यातच जाईल.' इतक्या लोकांसमोर प्रथमच बोलले, आणि तेही खोटे! शेजारच्या काकूंचा हसरा चेहरा तत्काळ आला. आई स्वयंपाकघरातून आली आणि माझ्या तळहातावर अर्धे चॉकलेट ठेवून गेली. चांदी तिने स्वतः उरलेल्याच्या डब्यात टाकली.

खुलासा ग्रुपवर पाठवला: १५ फेब्रुवारी, सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटे.