वहीतला चकोतरा

मी, स्वरदा वासुदेव घैसास, वय सत्तावीस, अविवाहित, मुलींच्या शाळेत गणिताची शिक्षिका, राहणार दुर्गाघाट, वाराणसी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. लिहू नये म्हणून मात्र बराच आहे.

कारण आधी सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्या हाडांतल्या मज्जेत तंतूंचे जाळे वाढू लागले. रक्त नीट तयार होईना आणि प्लीहा सुजून बरगडीखाली अकरा सेंटिमीटर उतरली. गेले चौदा महिने मी एका नव्या औषधाच्या चाचणीत आहे. त्या औषधाला अजून नाव नाही, एक अक्षर आणि चार आकडे आहेत. आज प्लीहा बरगडीखाली चारच सेंटिमीटर आहे. येत्या सोमवारी त्या गोळीला दुसरे औषध जोडले जाईल. आमच्या केंद्रात ही जोडी घेणारी मी तिसरी. डॉक्टरांना फार काळजी वाटत नाही, मला वाटते. मला गॅस बंद केला की नाही याचीही वाटते, तेव्हा त्याचा मोठा अर्थ काढू नये.

१. घर माझे नाही. बँकेत जे असेल ते धाकटा भाऊ शार्दूल याचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. सुरुवात जिन्यातल्या दिव्यापासून करावी, जो तो तीन वर्षे "कल पक्का" म्हणत दुरुस्त करतो आहे.

२. माझा हिरवा शालू शरदिनीआत्याला द्यावा. चैत्रातल्या हळदीकुंकवाला ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "वासुदेवानं पोरगी उंदरासारखी प्रयोगाला दिली." मला कोणी दिलेले नाही. संमतीचा बावीस पानांचा कागद मी दोनदा वाचला, एकोणीस प्रश्न विचारले आणि मग सही केली. उंदराला प्रश्न विचारता येत नाहीत. आत्याचे ते बोलणे मी विसरलेले नाही. पण हिरवा रंग तिलाच शोभतो.

३. थर्मामीटर, रक्तदाब मोजायचे यंत्र आणि गोळ्यांची सात खणांची डबी चाचणीच्या परिचारिका हिमानी यांच्याकडे द्यावी. ज्या नव्या रुग्णाला सगळ्यात जास्त भीती वाटत असेल, त्याला त्यांनी ती द्यावी.

४. माझ्या पाच वह्या. यांच्याबद्दल मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्या मालकीचे अभिमान वाटावे असे एवढेच आहे.

दहाव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेले नाही. बाबांनी घरीच शिकवले. पाठ म्हणताना चूक झाली, तर चुकणाऱ्याने स्वतः बोट वर करायचे, हा घरचा नियम. दुसऱ्याने चूक दाखवायची वेळ आली तर ती दोन चुका धरत. चाचणीत रोज काय खाल्ले, काय प्यायले, काय दुखले हे लिहायचे असते. मी तीर्थाची पळीसुद्धा लिहिली. हिमानी हसल्या होत्या. संध्याकाळी दिवसाची नोंद मी बाबांना वाचून दाखवते. ते डोळे मिटून बसतात. त्यांना डुलकी लागते असे मी धरून चालले होते.

मागच्या छठला, दिवाळीनंतरच्या सूर्यपूजेला, शेजारच्या फुलमती चाचींनी प्रसादाचा चकोतरा, म्हणजे आपले पपनस, आणून दिला. मी का कू करताच म्हणाल्या, "परसाद के मना ना कइल जाला, बिटिया." मी चार दिवस रोज खाल्ला. पाचव्या दिवशी तपासणीत माझ्या रक्तातले औषध जवळजवळ दुप्पट निघाले. मी गोळ्या दोनदा घेतल्या असाव्यात, असे डॉक्टरांना वाटले. उरलेल्या गोळ्या मोजल्या, त्या बरोबर होत्या. तेव्हा मला चाचणीच्या कागदावरची ओळ आठवली: ग्रेपफ्रूट खाऊ नये, त्याने रक्तातले औषध वाढते. ते फळ आमच्या गल्लीत कोणी पाहिलेले नाही. पण मी शाळेच्या संगणकावर त्याचे चित्र पाहिले होते आणि चकोतऱ्याची फोड सोलताना ते माझ्या मनात येऊन गेले होते. तरी मी खाल्ला. हे सांगितले तर चाचणीतून नाव कमी होण्याची भीती होती. नाव गेले की गोळी जाणार होती. मी बोट वर केले. खरोखरच केले, हिमानींना कळेना हे काय.

नाव राहिले. आता सगळ्या केंद्रांतल्या रुग्णांच्या कागदावर हिंदीत एक ओळ वाढली आहे: चकोतरा न खाएँ, प्रसाद का भी नहीं. खाली माझे नाव नाही, नसायलाच हवे. पण ती ओळ माझी आहे.

पहिल्या चार वह्या केंद्राला द्याव्यात. छठची नोंद असलेली पाचवी वही बाबांना द्यावी.

५. माझा मृत्यू झाल्यास सहा तासांच्या आत मज्जा, यकृत आणि प्लीहा यांचे तुकडे संशोधनासाठी घेऊ द्यावेत. औषध आत नेमके काय करते, हे तिथेच दिसते. नंतर मणिकर्णिकेवर न्यावे. मी लिहून ठेवले तरी त्या वेळी बाबांची संमती लागेल, असे इस्पितळाने सांगितले आहे. बाबा त्याच घाटावर अंत्यविधी सांगतात. ते म्हणाले, "देह अखंड जावा, हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगतोय, स्वरदे. आता माझ्याच घरात वेगळं सांगू?" मी त्यांच्याशी शास्त्रावरून वाद घातला नाही, जे येते ते त्यांनीच शिकवले आहे. पण हे कलम मी खोडत नाही.

पुरवणी, त्याच दिवशी. वरील मजकूर मी वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर विश्वेश्वरकाका यांना साक्षीसाठी वाचून दाखवला. बाबा शेजारी डोळे मिटून बसले होते. दुसरा साक्षीदार कोण, असे काकांनी विचारले, तेव्हा बाबांनी बोट वर केले. वाचताना माझे काही चुकले की काय, असे मला वाटले. मग आठवले, बोट चुकणाऱ्यानेच वर करायचे असते.

"मी करतो सही," बाबा म्हणाले.

काका म्हणाले, "अहो भटजी, ज्याला काही मिळायचंय त्यानं साक्षीला बसू नये. तुम्हाला वही ठेवलीय तिनं."

"मग ते खोड गं. वही दे केंद्राला."

"बाबा, पाचवं कलम ऐकलंत ना?"

"ऐकलं. त्याच्याखालीच सही करतोय. वेळ आली, तर इस्पितळातही करीन."

"आणि वही?"

"मला पाठ आहे," ते म्हणाले, आणि डोळे मिटून पाठ म्हणतात त्या सुरात म्हणू लागले: "अठ्ठावीस ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी सात दहा, गोळी एक. सात चाळीस, चकोतरा, फोडी चार. नंतर तीर्थ, एक पळी."

एकही अक्षर चुकले नाही. मी वही उघडून तपासले.

म्हणून कलम ४ मधील शेवटचे वाक्य रद्द. पाचही वह्या केंद्राला द्याव्यात. बाबांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

सही: स्वरदा वासुदेव घैसास

आम्हा दोघांसमोर तिने सही केली व तिच्यासमोर आम्ही केली:
१. विश्वेश्वर रामचंद्र केळकर
२. वासुदेव गणेश घैसास, वडील. पाचवे कलम ऐकले, मान्य.

दुर्गाघाट, वाराणसी
११ फेब्रुवारी २०२६