"व्हय जी" म्हणणारा चोर

मेहेरबान डागदरसाहेब यांस,

कोल्हापुरातून लालबी पिंजारणीचा सलाम. बोलते मी, लिहिते शेजारची फातिमा. महाराजांच्या कृपेनं घरची सगळी खुशाल आहेत, एक सोडून.

गुन्हेगारांच्या स्वभावाचा शोध घ्यायला तुम्ही मुंबईहून इथल्या तुरुंगात आलात. माझ्या नातवाचे, दिलदारचे, कान मोजलेत, कपाळ मोजलंत. मग विचारलंत, "चोरी करावीशी वाटते?" तो म्हणाला, "व्हय जी." "लहानपणापासून?" "व्हय जी." "आईला मारतोस?" "व्हय जी." आणि तुम्ही ठरवलंत, हा जन्माचाच चोर, शिक्षा सरली तरी सोडू नये!

अहो, त्याची आई बाळंतपणातच गेली. मारणार कुणाला?

आमच्या घरची रीतच अशी, सरकारी माणसापुढं न्हाय म्हणायचं न्हाय. शेजाऱ्याची शेळी आमच्या दारात सरकी खायला आली. फौजदारानं विचारलं, "तूच आणलीस?" तेव्हाही हा पठ्ठ्या "व्हय जी" म्हणाला, म्हणून तर आत गेला. मी माझं कपाळ बडवून घेतलं आणि तुम्ही त्याचं मोजत बसलात!

आता एवढंच करा. त्याला विचारा, "दिलदार, तू निर्दोष हायस का?" जे म्हणेल ते लिहून घ्या आणि पोराला घरी धाडा.

फातिमा म्हणते, "दादी, अंगठा उठव, लगेच टपालात टाकते." कसा उठवू? साहेबाचं चुकलं, हे साहेबालाच कळवायचं माझ्याच्यानं होईना. मी पण त्याच घरातली की!

आपली ताबेदार,
लालबी
(अंगठा उठवलेला न्हाय)