पंख्याखालचा नवाब

१२ मे १९९७
फुलंब्रीच्या वावरात बारा काळ्या मेंढ्या होत्याच. आज पांढराशुभ्र मेंढा आणला. नाव नवाब. नोकरी सोडली ते बरंच केलं. पशुपालनाच्या शिबिरात जनावरांचे डॉक्टर म्हणाले, वजन आणि लोकर काही अंशी बापाकडून पिल्लांत उतरते. मी पूर्ण धरून चाललो आहे.

१३ मे, सकाळी
बायकोची, आशाबाईची, अट: कोकरं नवाबावर गेली नाहीत तर मेंढरं विकायची आणि तिच्या भावाच्या, बद्रीनाथच्या औरंगपुऱ्यातल्या स्वेटरच्या दुकानात बसायचं. ऐटीत हो म्हटलं.

१९ मे
ऊन भयंकर. नवाबाला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत टेबलफॅन लावून दिला. पेंड, गूळ चालू.

२४ मे
खतासाठी वावरात पुंजाराम धनगराचा कळप बसवला. माझ्या मेंढ्या त्यातच सोडल्या, तेवढाच चारा वाचला. त्याचा मेंढा काळाकुट्ट, कपाळावर पांढरा ठिपका. नवाबाला ढुशी देईल म्हणून खोलीला बाहेरून कडी. पुंजाराम म्हणाला, मालक, ह्याला बी सोडा की बाहेर. मी म्हटलं, लोकर मळेल.

१५ जून
पुंजाराम गेला. नवाब मेंढ्यांत सोडला. सगळ्यांनी पाठ फिरवली. लाजल्या असाव्यात.

ऑगस्टचा शेवट
मेंढ्या गाभण! बद्रीनाथला फोन करून सांगितलं, तुझ्या दुकानाला आता माझीच लोकर.

२६ ऑक्टोबर
पहिलं कोकरू. काळं. कपाळावर ठिपका. सुरुवातीला होतं असं.

३१ ऑक्टोबर
सगळी काळी. सगळ्यांना ठिपका. आईवर गेली, असं मी म्हटलं. आशाबाईनं विचारलं, आवं, ठिपका कोणत्या आईला हाय? विज्ञान एवढं सोपं नसतं, असं सांगितलं. ती हसत हसत बांधावरच बसली. मग म्हणाली, तुमचं विज्ञान खरंय, बापावरच गेलीत.
जरा वेळानं उमगलं. फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

१० नोव्हेंबर, औरंगपुरा
मेंढ्या आणि कोकरं पुंजारामनंच घेतली. नवाबाला नाय म्हणाला. तो अजून खोलीतच आहे.
दुकानात पहिला दिवस. दोन गिऱ्हाइकांना लोकरीवर नीट समजावून सांगितलं, दोघं न घेताच गेली. बद्रीनाथ म्हणाला, दाजी, तुम्ही आतल्या खोलीत आरामात बसा, बाहेरचं मी बघतो. माणूस मान राखणारा आहे. खोलीत टेबलफॅन आहे. खायला वेळेवर येतं.