जायफळाच्या उताराला तिसरी वारस

मी, एमेल्डा मोडेस्ट, दिवंगत सिप्रियन यांची बायको, वय एकोणऐंशी, धंदा जायफळ पिकवणे, राहणार गुयाव, ग्रेनाडा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी अक्कल शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा त्यांची चौकशी करीत नाही.

राहते घर मुलगा सेल्विन यास. नाहीतरी तो तिथेच लोळत असतो.

चर्चला घालायच्या माझ्या टोप्या मुलगी व्हेरोना हिला. वादळात छप्पर उडाले तेव्हा तिने ब्रुकलिनहून पिंपभर साबण पाठवला होता. ते पिंपही तिलाच.

आता उतारावरची जमीन. सेल्विन मागच्या महिन्यात हॉटेलवाल्याला घेऊन आला.

"आई, इथं 'जायफळ वन' नावाचं हॉटेल होणार!"

"आणि झाडं?"

"ती तोडावी लागतील गं. पण खोल्याखोल्यांत जायफळाची चित्रं लावणारेत."

"पाहुण्यांच्या जेवणात जायफळ कुठून घालणार?"

"इंडोनेशियातून. स्वस्त पडतं. अगं, देश आता पर्यटकांवर चालतो."

"मग पर्यटकांचं जहाज आलं नाही की तुझी टॅक्सी का उभी असते? तेव्हा जेवतोस कुठे?"

"तुझ्याकडेच," तो म्हणाला, आणि हॉटेलवाल्याने घड्याळात पाहिले.

वादळाने ही सगळी बाग आडवी केली, तेव्हा सिप्रियन उताराकडे पाठ करून बसला तो मरेपर्यंत. मी पुन्हा रोपे लावली. फळ धरायला सात वर्षे लागली, लोक हसले. ती झाडे माझ्यामागे उभी राहावीत, एवढीच माझी इच्छा आहे.

सबब सदर जमीन सेल्विन, व्हेरोना व माझी नणंद अर्नेस्टिन रेजिस या तिघांना सामाईक, वाटण्या न करता देते. आमच्याकडे सामाईक जमीन सर्व वारसांच्या सह्यांशिवाय विकली जात नाही. अर्नेस्टिनने आजवर रस्त्याला सही दिली नाही, नळाला दिली नाही. स्वतःच्या लग्नात पाद्रीबाबांनाही "बघते" म्हणाली. माझे तिच्याशी कधी पटले नाही. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान असून तिची प्रकृती, देवाच्या दयेने, ठणठणीत आहे.

काल तिला हे सांगितले.

"मला नको तुझी जमीन!" ती कडाडली.

"बरं. मग नको म्हणून इथं सही कर."

"सही? मी कशावरही सही करत नाही!"

साक्षीदार: ऑगस्टिन लेंडोर, मासेविक्रेता
फिलोमिना अलेक्सिस, शिवणकाम

सही: एमेल्डा मोडेस्ट
गुयाव, ११ मार्च २०१९