तक्रारदाराचे उत्तर नाही

३ मार्च २००६, शुक्रवार
ती सकाळ आज परत आठवली. वाऱ्याने धूळ आत येत होती म्हणून खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबत होते. गॅसवर दूध, ओट्यावर झुबैदी, इथलं पापलेट, साफ करायची तशीच. आतून ह्यांनी हाक मारली, "अगं, ये. उकार आले बघ." ओले हात तसेच घेऊन गेले. छापलेलं पान धरून उभे होते. त्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये चौकटीत मराठी छापलं की ओळीखालचे उकार कापले जायचे. मंडळाच्या अंकात लोकांची नावंसुद्धा लंगडी. ह्यांनी रात्री जागून दुरुस्ती केली आणि इंटरनेटवर जिथे चुका नोंदवतात त्या पानावर पाठवून दिली. प्रोग्राम सगळ्यांचा, कोणीही सुधारावा, असं तिथे मोठ्या अक्षरात लिहिलंय. चाव्या मात्र तो चालवणाऱ्या कंपनीकडे, काय आत घ्यायचं ते तीच ठरवणार.

पुढच्या उन्हाळ्यात हे वारले. मला शाळेत आयाची नोकरी होती म्हणून इकामा, इथे राहायचा परवाना, टिकला, नाहीतर मायदेशी परत.

आज ह्यांची मेल उघडली. कंपनीचं एकच वाक्य. तक्रारदाराचे उत्तर नाही, सबब तक्रार बंद.

४ मार्च
डिक्शनरी घेऊन सगळं पान वाचून काढलं. सातवी झालेल्या बाईला कळतं ते असं: ह्यांनी पाठवलं तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. हे गेल्यावर कंपनीच्या माणसाने विचारलं, नव्या आवृत्तीत अजून असं होतं का? मग थोडे दिवस वाट पाहून बंद.

वाट पाहिली म्हणे.

५ मार्च
इक्बालभाई आले. दापोलीकडचे, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, ह्यांचे जुने दोस्त. ह्यांचा पासवर्ड मशीनमध्येच होता. म्हणाले, "लिवा वहिनी, होय, अजून होतंय. त्या पानाला काय ठाव कोण बसलाय खुर्चीवर."

नव्या आवृत्तीत छापून पाहिलं. तसंच कापलेलं. लिहिलं. ह्यांच्या नावाने.

१३ मार्च
तक्रार परत उघडली, आणि आज पुन्हा बंद. आता कारण, ही दुसऱ्या एका तक्रारीची नक्कल आहे. त्या दुसरीवर क्लिक केलं तर, तुम्हाला पाहण्याची परवानगी नाही. फक्त कंपनीच्या लोकांना.

ह्यांची तक्रार नक्कल, आणि अस्सल काय ते आम्ही बघायचं नाही!

इ.भाई हसत सुटले. आपल्याच घरच्या लग्नात आपल्यालाच पंगतीतून उठवलं म्हणाले. मला हसू आलं नाही.

खाली ढाक्याच्या एका मास्तरांनी लिहिलंय. बंगालीचंही तसंच कापतं. ह्यांची दुरुस्ती ते शाळेत कधीपासून वापरतात, उत्तम चालते. मग कंपनी का घेत नाही? उत्तर: आमची अंतर्गत बाब आहे, धीर धरा.

२० मार्च
मास्तर आणि मी (म्हणजे हे) भांडलो तेव्हा कं. च्या माणसाने कबूल केलं, दुरुस्ती चांगली आहे. पण जो लिहितो त्याने करारावर सही करून हक्क कंपनीला द्यायचे. सही आली की पुढच्या आवृत्तीत घेऊ.

इ.भाई म्हणाले, "करा ना. केतकीच्या शाळेत त्यांची सही तुमीच करायच्या." केतकीला पुण्याला फोन केला. "आई, जस्ट साइन इट. हू विल नो?"

पेन उघडलं. बंद केलं.

हे जिवंत होते तेव्हा कंपनीने दोन ओळींचं उत्तर दिलं नाही. आता मेलेल्या माणसाची सही पाहिजे. हे असते तर केलीही असती, हसत. पण हे नाहीत, आणि ते त्या पानावर कोणीतरी लिहायला हवं.

२२ मार्च
लिहिलं. ज्यांनी हे केलं ते वारले. मी त्यांची पत्नी, आजवर मीच लिहीत होते. वारस म्हणून माझी सही चालेल का?

२५ मार्च
दुःख झाल्याचं एक वाक्य. सहीबद्दल अक्षर नाही. मूळ लेखक उपलब्ध नसल्याने दुरुस्ती काढून टाकली आहे. खाली आता कोणालाच काही लिहिता येत नाही, कुलूप.

उपलब्ध नसल्याने.

दिवसभर शाळेत पोरांवर खेकसले. त्यांचा काय दोष.

२७ मार्च
मास्तरांची मेल. ह्यांचं लिहिलेलं न बघता ते नव्याने लिहितील, म्हणजे हक्क त्यांचेच ठरतील, आणि स्वतः सही करतील. मी फक्त साध्या शब्दांत सांगायचं, ह्यांनी नेमकं काय केलं होतं. कंपनीला मग नाही म्हणायला जागा उरणार नाही. पण नाव मास्तरांचं लागेल. तेही संकोचले आहेत, तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला असं लिहितात.

काय सांगू? ह्यांचं नाव राहावं म्हणून जगाचे उकार कापलेले राहू देत? आणि नाव पुसून टाकायचं तेही मीच?

इ.भाईंना विचारलं. चहा तसाच ठेवून गेले.

२८ मार्च
शाळेतून आल्यावर माझ्या नावाने खातं काढलं. तक्रार पहिल्यापासून लिहिली, कापलेलं पान जोडलं. पहिल्या ओळीत ह्यांचं नाव घातलं, चूक आणि उपाय दोन्ही ह्यांनी आधी सांगितले होते म्हणून. मग ह्यांनी ओळीची उंची कशी मोजली होती ते मला समजावलं होतं तसं, चित्र काढून, मास्तरांना पाठवलं. तुम्ही लिहा म्हटलं.